नाथाजी सुभेदार झाड होतात

पांढरवाडीत नाथाजी सुभेदारांना राक्षस म्हटलेलं कुणाला वावगं वाटत नसे, खुद्द सुभेदारांना तर मुळीच नाही. कराडच्या अलीकडं, उसात पार बुडालेलं हे गाव. गणपतीत इथं सजीव देखावा होतो. म्हणजे पुतळे उभे करून वर रेकॉर्ड लावायची, असला आळशीपणा नाही. गावातलीच माणसं तोंडाला रंग फासून स्टेजवर चढतात आणि आपापले संवाद आपल्याच तोंडानं म्हणतात. या देखाव्यातले देव दरवर्षी बदलत. कुणाचं लग्न व्हायचं, कुणाचं पोट सुटायचं, कुणी पुण्याला कंपनीत चिकटायचा. राक्षस मात्र एकच. नाथाजी पलटणीत होते तेव्हा गणपतीला जोडून सुट्टी काढत, ती दर्शनासाठी नव्हे तर मरण्यासाठी. नायब सुभेदार होऊन कायमचे घरी आल्यावर तर सुट्टीचाही प्रश्न मिटला, आणि पुराणातला एकही राक्षस त्यांनी शिल्लक ठेवला नाही.

अंग पैलवानी, मिशा भरघोस, आणि हसणं असं की तालमीत ते एकदा हसले की शेजारच्या गोठ्यात दीपमालाच्या म्हशी दूध चोरून धरत. दीपमालानं तशी रीतसर तक्रार केली होती, आणि सुभेदारांचं हसणं धारा काढून झाल्यावरच व्हावं असं मंडळानं ठरवून टाकलं होतं. पण हसण्यापेक्षाही त्यांचं मरणं भारी. देवीचा त्रिशूळ छातीला टेकला की सुभेदार दोन्ही हात वर करत, डोळे गरगरा फिरवत आणि गुडघा न वाकवता आडवे होत. स्टेजच्या फळ्या दणाणत. मग टाळ्या, शिट्ट्या आणि ‘वन्स मोअर’ची आरोळी. वन्स मोअर आला की सुभेदार उठून, मिशांवरची धूळ झटकून पुन्हा मरत.

एरवी हा माणूस इतका मवाळ की राक्षस म्हणून शोधायला गेलं तर सापडू नये. बर्फात उभं राहून नोकरी केली, पण कुणावर ओरडल्याचं पलटणीत कुणाला आठवत नव्हतं. वासराला दावं काचतं म्हणून त्याला जुन्या लुगड्याची घडी गुंडाळणारे ते. त्यांची बायको मनुबाई चारचौघांत सांगे, “मोरीत झुरळ निघालं की राक्षस मला हाका मारतोय.” नाथाजी यावर नुसतं हसत, ते मात्र साधं हसणं असे.

अशा माणसाला त्यांच्याच नातीनं वाळीत टाकलं. मुलगा पुण्याला होता, त्याची ही स्वानंदी. पाच वर्षांची. आधी ती गावाला आली की आजोबांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे, मिशा धरून त्यांना बैलासारखं वळवायची. मागच्या गणपतीत तिनं पहिल्यांदा देखावा पाहिला. आजोबांचं काळं तोंड, लाल जीभ, पुठ्ठ्याचे सुळे, सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं त्यांच्याकडं बघणंच सोडलं. फोनवर आजोबा आले की फोन पालथा. दिवाळीला आली तर सगळा वेळ मनुबाईच्या पाठीमागं. मे महिन्यात नाथाजींनी तिच्यासाठी आंबे निवडून पिकत घातले, तर आंबे खाल्ले, पण आजीच्या हातून.

“भ्याली पोर राक्षसाला,” सगळे म्हणाले. नाथाजींनाही तसंच वाटलं. त्यांनी तोंड घासून घासून धुतलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून एक दिवस कराडला जाऊन मिशा काढून आले. त्याचा परिणाम एवढाच झाला की घरात कोण गेलं हे विचारायला दुपारपर्यंत माणसं येत राहिली. एकजण तर गंभीर चेहऱ्यानं उंबऱ्यातच बसून राहिला. स्वानंदीनं व्हिडिओ कॉल पालथा घालता घालता ते गुळगुळीत तोंड ओझरतं पाहिलं आणि भोकाड पसरलं. मिशा पुन्हा वाढवाव्या लागल्या.

त्या दिवसांत नाथाजींना जेवण जाईना. पेन्शनवाल्या माणसाला हवं तरी काय असतं, दोन वेळचं जेवण आणि एक नातवंड मांडीवर. त्यांनी मनाशी पक्कं केलं, की यंदा राक्षस नाही. काहीही झालं तरी यंदा चांगला पार्ट करायचा, आणि तो स्वानंदीनं बघायचा.

आणि नेमकं यंदाच देखाव्यात सगळे राक्षस निघाले.

तालुक्याच्या देखावा स्पर्धेला विषय होता पर्यावरण. मंडळाचा अध्यक्ष विश्वजीत. त्याचे उसाचे ट्रॅक्टर, एक ट्रक आणि एक जेसीबी. त्यानं देखावा लिहायचं काम आपल्या पुतणीवर, अंकितावर टाकलं. ती कराडला इंजिनिअरिंग शिकते. देवळात बैठक भरली तेव्हा अंकितानं भिंतीला दोन मोठी रंगीत वर्तुळं चिकटवली आणि समजावून सांगितलं. जगात पृथ्वीला तापवणारे जेवढे वायू दरसाल हवेत जातात ते शंभर धरले, तर त्यात सुमारे पंचाहत्तर एकटा कार्बन डायऑक्साइड, अठरा मिथेन, चार-पाच नायट्रस ऑक्साइड आणि उरलेले दोन म्हणजे फ्रिज-एसीतले वायू. हे झालं पहिलं वर्तुळ. दुसऱ्यात, हे कुणापायी जातात ते. वीज आणि इंधनापायी एक तृतीयांश, कारखान्यांपायी पाव, शेती आणि जंगलतोडीपायी शंभरात बावीस, वाहनांपायी पंधरा, राहिलेले घरं-इमारतींचे.

इथं दुसऱ्या कुठल्या गावानं लाजून मान खाली घातली असती. पण पांढरवाडीत ज्याचे वाटे पडतात त्याला मान म्हणतात. जत्रेत पहिला नारळ कुणाचा, पालखीचा पुढचा खांदा कोणत्या भावकीचा, यावरून इथं सख्खे भाऊ एका बांधावरून बोलत नाहीत. अंकिताची वर्तुळं बघता बघता बैठकीनं ती मानकऱ्यांची वाटणी म्हणून वाचली.

“वाहनांचे पंधराच?” विश्वजीत उठून उभा राहिला. “आमचे ट्रॅक्टर काय पाण्यावर पळत्यात व्हय गं?”

“आवं, तुमचा धूर त्या पंचाहत्तरात हाय की,” दीपमाला म्हणाली. गोठ्यातल्या म्हशींच्या दुधावर तिनं घराला दोन मजले चढवले होते आणि ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. “आमच्या म्हशींचा मिथेन बगा, अठरा! गावात म्हशी किती आन् ट्रॅक्टर किती, मोजा जरा. ह्यो हिशोब कुणी क्येला?”

अंकितानं तिची समजूत काढायला जाऊन घोटाळा केला. ती म्हणाली, “काकू, मिथेन कमी असला तरी किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो.”

दीपमालानं पदर डोक्यावर घेतला आणि सगळीकडं सावकाश नजर फिरवली. “आयकलं का? अठ्ठावीस पट.”

“मग युरियाचं काय?” मागून शेतकरी ओरडले. युरिया टाकलेल्या रानातून नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो दोनशे सत्तर पटींच्याही वर जातो, हे अंकिताला खरं सांगावंच लागलं. निम्मी बैठक छाती काढून बसली. तेवढ्यात कोपऱ्यातून अर्जुनाचा आवाज आला. अर्जुना कराड रस्त्याला फ्रिज दुरुस्त करतो. गरीब माणूस, जत्रेत त्याला नारळ फोडायला सोडाच, धरायलासुद्धा कुणी दिलेला नव्हता.

“ताई, आमच्या फ्रिजच्या गॅसचं कसं?”

“त्यातले काही हजार पटींच्या वर आहेत,” अंकिता हळूच म्हणाली.

अर्जुना ताठ झाला. “मग पैला मान आमचा.”

जो गोंधळ माजला त्यात देवळातली घंटा कुणीतरी उगाच वाजवली. अंकिता ओरडून सांगत होती, “अरे, हा मान नाही! हे पाप आहे आपलं, पाप!”

“असूंदे की पाप,” विश्वजीत म्हणाला. “पर आमचं मोठं हाय.”

अखेर तोड निघाली ती उंचीची. मिथेन झालेली दीपमाला पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीवर बसणार. नायट्रस ऑक्साइड युरियाच्या पोत्यांवर, तिच्याहून एक पोतं खाली. अर्जुनाचा वाटा लहान म्हणून त्याची जागा खालीच, पण दार काढलेल्या फ्रिजमध्ये, आणि आतला दिवा चालू. आणि कार्बन डायऑक्साइड जेसीबीच्या बकेटात सिंहासन टाकून बसणार. सुरुवातीला जमिनीलगत, पण शेवटी बकेट उचलायचं, ते सगळ्यांच्या वर. हा मान विश्वजीतनं आपल्या ट्रॅक्टरच्या धुरासाठी भांडून घेतला होता, आणि जेसीबी त्याचाच असल्यानं कुणाचं काही चाललं नाही. धूर कुठून आणायचा ही चिंताही मिटली, असं तो वर म्हणाला. अंकितानं कपाळाला हात लावला.

“आता कार्बन डायऑक्साइड कोण, हे इचाराय नगं,” विश्वजीत म्हणाला. “पाऊण वाटा म्हंजे पाऊण गावाएवढं अंग लागतंय. सुभेदार, तुमीच.”

नाथाजी उभे राहिले. पाठ सरळ, हात पँटच्या शिवणीला. “म्या राक्षस करणार न्हाई.”

सगळ्या बैठकीच्या माना सुभेदारांकडं वळल्या.

“मग काय करता?” विश्वजीतनं विचारलं.

“कायतरी चांगलं. ह्येच्यात चांगलं कोण हाय, पोरी?”

अंकितानं कागद चाळले. वायू वाईट, यंत्रं वाईट, माणसं तर सगळ्यांत वाईट. “एक झाड आहे, आबा. पण त्याला संवाद नाही.”

“नसूंदे. आजवर लय बोललो.”

मग कार्बन डायऑक्साइड स्वतः विश्वजीतच झाला. त्याचं हसणं खोकल्यासारखं यायचं, पण अध्यक्षाला कोण सांगणार.

झाडाचा पार्ट नाथाजींनी पलटणीत गार्ड ड्युटी करावी तसा मनावर घेतला. पायापासून छातीपर्यंत तागाचं पोतं, तोंडाला हिरवा रंग, हातांना आणि डोक्याला आंब्याच्या ताज्या डहाळ्या. डहाळ्यांबरोबर तांबड्या मुंग्याही आल्या. त्या पोत्यातून आत शिरल्या, मानेवरून खाली उतरल्या, पण झाड खाजवत नाही म्हणून नाथाजींनी हू की चू केलं नाही. तालीम संपल्यावर मनुबाईनं त्यांच्या पाठीला खोबरेल लावलं आणि सगळ्या मंडळाच्या नावानं बोटं मोडली.

तिसऱ्या तालमीला कळलं की झाडाला पडायचं आहे. अंकितानं समजावलं, “झाड तोडलं की त्यानं साठवलेला कार्बन परत हवेत जातो, आबा. म्हणून कुऱ्हाडीचा तिसरा घाव बसला की तुम्ही पडायचं. तुमच्या पडण्याचा आवाज झाला की जेसीबीवाला बकेट उचलणार आणि कार्बन डायऑक्साइड सगळ्यांच्या वर जाणार.”

“म्हंजे मराय लागणार,” नाथाजी म्हणाले.

“तुमच्याइतकं छान कोण पडतं?”

हे मात्र खरं होतं, आणि कलावंताला खरं बोललेलं आवडतं. घरी मनुबाई म्हणाली, “आवं, झाड झाला तरी तुमी मरायचंच का?”

“अगं, झाडाला कोण भितंय? सुळं न्हाईत, जीभ न्हाई. पोरगी बघंल तरी माझ्याकडं.”

स्पर्धेच्या संध्याकाळी गाव स्टेजपुढं लोटलं. पहिल्या रांगेत टेबल टाकून परीक्षक, आणि त्यांच्या शेजारी मनुबाई स्वानंदीला घेऊन बसली होती. “आजोबा यंदा झाड हायेत, नुसतं झाड,” असं तिला दिवसभर सांगितलं होतं. स्वानंदीनं ओठ घट्ट मिटून ऐकून घेतलं होतं.

देखावा सुरू झाला. जेसीबीनं पहिल्याच दणक्याला एवढा धूर सोडला की परीक्षकांनी रुमाल काढले. बकेटातून विश्वजीत हसला, आणि मागून कुणीतरी काळजीनं पाणी विचारलं. मग दीपमाला पोत्यांवर उभी राहिली. तिनं अंकिताचा संवाद केव्हाच रद्द करून टाकला होता. ती कडाडली, “म्या मिथेन! एक किलोत अठ्ठावीस किलोचं काम! आन् तिकडं बकेटात बसलेत त्येंना इचारा, किलोला किलो होतंय का म्हणून!” बायकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जुना फ्रिजमधून एकच वाक्य बोलला, पण दिव्याच्या उजेडात तो इतका देखणा दिसत होता की त्याच्या बायकोनं मोबाइल खाली घेतलाच नाही. विश्वजीत धुमसत होता. त्याचा सगळा भरवसा आता झाडावर होता.

लाकूडतोड्या झालेला गावचा पोस्टमन पुठ्ठ्याची कुऱ्हाड घेऊन आला. पहिला घाव. नाथाजींनी डहाळ्या थरथरवल्या. दुसरा घाव. डहाळ्यांच्या फटीतून त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं, आणि त्यांच्या छातीत लख्ख उजेड पडला. स्वानंदी त्यांच्याकडं बघत होती. वर्षभरानंतर पहिल्यांदा, सरळ, डोळे मोठे करून बघत होती. आता मुंग्यांनी खाऊन टाकलं असतं तरी त्यांना चाललं असतं.

तिसरा घाव बसला. नाथाजींनी हात वर केले आणि ते कलले.

“नको!”

अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. स्वानंदी परीक्षकांच्या टेबलाखालून शिरली, पायऱ्या चढून स्टेजवर आली आणि तिनं दोन्ही हातांनी झाडाच्या पोत्याला मिठी मारली. पोस्टमनला तिनं एक लाथही मारली, ती नडगीवर बसली.

“आजोबांना मारू नका! आजोबा, पडू नका!”

अर्धवट कललेले नाथाजी तसेच थांबले. असं थांबणं पैलवानाला जमतं, पण त्यांच्या वयाला कठीणच. ते हळूच म्हणाले, “अगं, हे खोटं हाय बाळा. कुऱ्हाड पुठ्ठ्याची हाय.”

“खोटं नाही!” ती हुंदके देत होती. “मागच्या वेळी पण तुम्ही मेलात आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे म्हणाले परत, तर तुम्ही परत मेलात. आजीनं पण टाळ्या वाजवल्या!”

मनुबाई खुर्चीवरून उठली होती, ती तशीच खाली बसली.

नाथाजींना एका क्षणात सगळं कळलं. पोर राक्षसाला भ्यालीच नव्हती. काळं तोंड, सुळे, जीभ, यांचं तिला काहीच नव्हतं. आतले आजोबा तिनं पहिल्याच हसण्याला ओळखले होते. लोकांनी म्हटलं की हे मरतात, एवढंच तिला कळलं होतं, आणि अशा माणसाकडं बघायचं धाडस तिला वर्षभर झालं नव्हतं. आणि आपण मिशा काढत बसलो! नाथाजींना रडू फुटलं. हिरव्या रंगातून दोन ओघळ खाली आले.

पण इकडं देखावा अडकला होता. आवाज झाला नाही म्हणून जेसीबीवाला लिव्हरवर हात ठेवून वाट बघत होता. बकेट जमिनीलाच. सगळ्यांत मोठा वायू सगळ्यांत खाली, आणि वर पोत्यांवर दीपमाला मजेत पाय हलवत बसलेली.

“सुभेदार, पडा की वो!” विश्वजीत दबक्या आवाजात म्हणाला. “तुमी पडल्याबिगर आमाला वर जाता येईना!”

“राहूंद्या, राहूंद्या उभं!” दीपमाला वरून म्हणाली.

“आवं, बक्षीस जाईल!”

“पडा!” पडद्यामागून कुणीतरी ओरडलं.

नाथाजींनी नोकरीत एकही हुकूम मोडला नव्हता. चाल म्हटलं की चालले, झोप म्हटलं की बर्फावर झोपले. त्यांनी कललेलं अंग सरळ केलं, टाचा जुळवल्या आणि ज्याला एकही संवाद नव्हता ते झाड खच्चून म्हणालं, “झाड पडणार न्हाई!”

अंकितानं जागच्या जागी डोकं चालवलं. तिनं माइक ओढून घेतला आणि सांगितलं, की मंडळी, झाड तोडलं नाही, म्हणून त्यातला कार्बन झाडातच राहिला, आणि म्हणून बघा, कार्बन डायऑक्साइड वर चढूच शकला नाही! विश्वजीतनं बकेटातून तिच्याकडं असं पाहिलं की घरी गेल्यावर काय होणार ते कळावं. परीक्षकांनी मात्र माना डोलावल्या, आणि मैदानातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या ऐकताच स्वानंदीची मिठी आणखी घट्ट झाली. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. नाथाजी हलले नाहीत. टाळ्या वाढत गेल्या, मागून कुणीतरी वन्स मोअरही ओरडलं, तरी ते हलले नाहीत. थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला. आधी लोकांकडं पाहिलं, मग वर, आजोबांच्या तोंडाकडं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि आजोबा उभे होते. तिनं पुन्हा एकदा नीट बघून घेतलं, पोत्याची पकड सोडली आणि तीही टाळ्या वाजवू लागली.